बघायची परवानगी, लिहायची परवानगी: सातबाऱ्यापासून एआय एजंटपर्यंत

डेटा तपासायला, शोधनिबंध चाळायला तुमच्यापैकी बरेच जण आता एआय एजंट वापरत असतील. एजंट नुसती उत्तरं देत नाही. दिलेल्या टूल्समधून तो फाइल उघडतो, डेटाबेसमध्ये शोधतो, ईमेलही पाठवतो. "फक्त वाचणारं टूल दिलंय, बिघडणार काय?" असं आपण सहज म्हणतो. या प्रश्नाला इतिहास आहे, तो बघू.

सुरुवात धाराशिवमधल्या कुठल्याही गावाच्या सातबाऱ्यापासून करा. महाभूलेखवर तो कोणीही बघू शकतो. मालकी बदलायची तर मात्र तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाची नोंद स्वतः करतो, पण ती नमुना १२ मध्ये. नमुना ७ मधल्या मालकीला त्याचा हात लागत नाही. म्हणजे ज्याला त्याला कामापुरतीच परवानगी.

संगणकशास्त्रात हेच तत्त्व १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी नेमकेपणाने मांडलं: प्रत्येक प्रोग्रामला कामाला लागतील तेवढेच, किमान अधिकार. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी पुढची अडचण दाखवली. एका कंपायलरला बिलांची फाइल असलेल्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी होती. वापरणाऱ्याने आउटपुटला त्याच फाइलचं नाव दिलं आणि बिलांची माहिती पुसली गेली. अधिकार कंपायलरचा, इच्छा दुसऱ्याची!

एजंटचंही तसंच होतं. त्याने वाचलेल्या पीडीएफमध्ये कोणी लपवून सूचना लिहिली असेल, तर ती तो तुमचीच समजू शकतो. या हल्ल्याला २०२२ मध्ये 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव मिळालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एजंट आणि टूल्स जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला. मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला 'मी फक्त वाचतो' असं जाहीर करायची सोय आली. पण ती नुसती पाटी आहे, कुलूप नव्हे. सर्व्हर विश्वासातला नसेल तर तिच्यावर विसंबू नका, असं तो प्रोटोकॉलच सांगतो.

आणि कुलूप असलं तरी वाचणं निरुपद्रवी ठरत नाही. सातबारा बघणारा काहीच बदलत नाही, पण 'इतर अधिकार' रकान्यातून शेजाऱ्यावर कुठल्या बँकेचा बोजा आहे, ते त्याला कळतंच.

समजा, कळंब तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या मुलाखती तुमच्याकडे आहेत. एजंटला त्या वाचता येतात, इंटरनेटवरची अनोळखी पानंही वाचता येतात आणि ईमेलही पाठवता येतो. मुलाखती बाहेर जायला एवढं पुरेसं आहे. एकही फाइल बदलावी लागत नाही. म्हणून तीन गोष्टी करा. डेटाबेसमध्ये एजंटसाठी वेगळा युजर काढून त्याला फक्त 'सिलेक्ट'ची परवानगी द्या. नावं, फोन नंबर आधीच काढून टाका. आणि खासगी डेटा उघडा असताना बाहेर पाठवणारं टूल बंदच ठेवा. त्या शेतकऱ्यांनी माहिती तुमच्या भरवशावर दिली आहे, एजंटच्या नाही.