एअर प्युरिफायरचा फिल्टर (घरगुती) : सफाई व बदल

घरगुती एअर प्युरिफायरमध्ये पंखा खोलीतील हवा ओढतो आणि फिल्टर तिच्यातील कण अडवतो. बहुतेक यंत्रांत तीन थर असतात : बाहेरची जाळी (प्री-फिल्टर), चुण्या पाडलेला हेपा फिल्टर आणि सक्रिय कोळशाचा थर. जाळी धुवायची असते. हेपा आणि कोळसा बदलायचे असतात.

इतिहास : १९४० च्या दशकात अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडवण्यासाठी हेपा फिल्टर विकसित झाला. शस्त्रक्रियागृहे व औषधांचे कारखाने यांतून पुढे तो घरांत आला.

रचना व कार्य : अमेरिकी मानकानुसार हेपाने ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. हाच आकार निवडण्यामागे कारण आहे. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत व तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कण या दोन्ही तावड्यांतून सर्वांत सहज निसटतात. घरगुती फिल्टरचा कागद काचतंतूंचा किंवा बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा असतो. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार चढवलेला असतो. त्यामुळे वीण विरळ ठेवूनही कण खेचले जातात आणि हवेची वाट मोकळी राहते. एन-९५ मास्कचे तत्त्वही हेच.

हेपा का धुऊ नये : साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने हा भार निघून जातो. आयएसओ १६८९० या मानकात भारविरहित फिल्टरची क्षमता तपासण्यासाठी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवतात, यावरून परिणामाची खात्री पटावी. काचतंतूंचा कागद ओला झाल्यास कमकुवत होतो. भिंतीवर आपटून झटकल्यास चुण्यांचा डिंक सुटतो आणि त्या फटीतून हवा न गाळता जाते. धुतलेला फिल्टर पांढरा दिसतो, पण बारीक कण त्यातून पार होतात. हा धोका डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच तो गंभीर आहे. व्हॅक्युम क्लीनरच्या मऊ ब्रशने वरवरची पूड काढण्याबाबत उत्पादकांच्या सूचनांत एकवाक्यता नाही. आत रुतलेली धूळ मात्र त्याने निघत नाही. ‘धुण्याजोगा’ असे स्पष्ट लिहिलेल्या फिल्टरपुरता अपवाद धरावा.

जाळी : दोन ते चार आठवड्यांनी काढून पाण्याखाली धरावी आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवावी. ओलसर जाळीमुळे आतल्या हेपाला बुरशी लागू शकते.

बदलण्याची वेळ : पुष्कळ उत्पादक सहा ते बारा महिने सांगतात. अनेक यंत्रांतील सूचक दिवा फक्त पंख्याचे तास मोजतो. हवा किती मळकट होती हे त्याला कळत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात पीएम २.५ ची पातळी भारताच्या २४ तासांच्या मर्यादेच्या (घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम) कितीतरी वर राहते. तेथील फिल्टर दिव्याआधीच भरतो. मुंबईत शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर तीच स्थिती. फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्ती यांचाही वाटा मोठा. भरलेला फिल्टर कण अडवतो, पण हवा कमी सोडतो. म्हणून खोली स्वच्छ व्हायला वेळ लागतो. पंख्याचा आवाज तोच असून झोत मंदावला, किंवा कुबट वास येऊ लागला, की दिव्याची वाट पाहू नये. कोकणात पावसाळाभर यंत्र बंद ठेवायचे असल्यास भरलेला फिल्टर आत ठेवू नये.

बदल : प्लग काढावा, मास्क लावावा, फिल्टर शक्यतो गॅलरीत काढून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. आतला कप्पा कोरड्या फडक्याने व सेन्सरची काच कापसाच्या काडीने पुसावी. नव्या फिल्टरचे प्लास्टिक वेष्टन काढण्याचे पुष्कळदा राहून जाते. यंत्र चालू दिसते आणि हवा मात्र गाळली जात नाही. फिल्टरवर बाण असल्यास तो हवेच्या दिशेने ठेवावा. शेवटी सूचक दिव्याचे रीसेट बटण दाबून धरावे.

कोळसा : वास व वायू शोषतो. उन्हात ठेवून ताजा होत नाही. त्यासाठी भट्टीतील कित्येकशे अंश तापमान लागते.

विद्युत पट्ट्यांची यंत्रे : काही यंत्रांत फिल्टरऐवजी विद्युतभारित पट्ट्या कण ओढून घेतात; त्या धुता येतात. अशी यंत्रे ओझोन सोडू शकतात. कॅलिफोर्नियात त्यावर ०.०५० पीपीएमची मर्यादा आहे.

विल्हेवाट : पिशवी न उघडता सुक्या कचऱ्यात.