शिक्षकाचा शिक्षक : दादर, बोर्डी, कोसबाड

'शिक्षण' हा शब्द ज्या 'शिक्ष्' धातूपासून सिद्ध होतो, तो मुळात 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप होय. समर्थ होण्याची इच्छा करणे, हा त्याचा मूळ अर्थ. ही इच्छा विद्यार्थ्याच्या ठिकाणी निर्माण करणे हे शिक्षकाचे कार्य, याविषयी मतभेद नाही. परंतु स्वतः शिक्षकाच्या ठिकाणी ती कोणी जागवावी व टिकवावी, हा प्रश्न बहुधा अध्यापन-विद्यालयाच्या अभ्यासक्रमापाशीच संपतो. पदविका हाती पडली की शिक्षक घडला, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास या समजुतीस बाध आणतो. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९), ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची परंपरा त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

वकिलीचा व्यवसाय सोडून गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसोरीबाईंचे विचार त्यांच्यापर्यंत ग्रंथांच्या द्वारा पोहोचले होते. ते भारतीय घरातील मुलांना कसे लागू करावयाचे, हे मात्र त्यांना प्रयोगानेच शोधावे लागले. या शोधात ताराबाई १९२३ मध्ये सहभागी झाल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी १९१४ मध्येच मिळविली होती व राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपदही भूषविले होते. अशा अनुभवी व्यक्तीस शिकविण्याचा मार्ग व्याख्यानाचा असू शकत नाही. मुलांचे निरीक्षण, साधनांची निर्मिती व लेखन ही कामे दोघांनी बरोबरीने केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजराती 'शिक्षण-पत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. शिष्या ही सहकारी झाली आणि सहकारी स्वतंत्र झाली, असा हा क्रम आहे.

माहीमला लागून असलेल्या दादर येथे १९३६ मध्ये ताराबाईंनी शिशुविहार उभारला. तेथे मुलांबरोबर शिक्षिकाही घडू लागल्या. तथापि शहरी मध्यमवर्गाच्या मुलांपुरतेच हे शिक्षण मर्यादित राहणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्राचा आरंभ झाला. बालपणीच वैधव्य आलेल्या व पुण्यात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या अनुताई येथे त्यांना येऊन मिळाल्या.

मार्गदर्शनाची खरी कसोटी बोर्डीस लागली. दादरची पद्धती जशीच्या तशी अनुताईंच्या हाती देणे सोपे होते; परंतु ती तेथे चालणारी नव्हती. महाग साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया व पाने आली. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आपण उभी केलेली चौकट नव्या परिस्थितीत मोडावी लागते, हे ज्येष्ठ शिक्षिकेने मान्य केले. आणि ती मोडण्याच्या कामी कनिष्ठ शिक्षिकेस आपल्याबरोबर घेतले. अनुकरण करून घेणे व मार्गदर्शन करणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

या वाटचालीची साक्ष तिच्यातील शब्द देतात. भावनगरचे 'बालमंदिर', दादरचा 'शिशुविहार', बोर्डीची 'बालवाडी' व 'अंगणवाडी' आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चाललेली 'कुरणशाळा', अशी ही नावे आहेत. 'मंदिर' व 'विहार' हे भारदस्त संस्कृत शब्द; तेथे मुलाने जावयाचे असते. 'वाडी', 'अंगण' व 'कुरण' ही मुलाच्या नित्य वावराची स्थळे. तेथे शिक्षकाने जावयाचे असते. शब्दांतील हा बदल केवळ रुचीचा नसून शिक्षकाने आपले स्थान बदलल्याचा तो पुरावा आहे.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. तेथील पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्या एकत्रित रचनेस 'विकासवाडी' असे नाव मिळाले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर जवळजवळ दोन दशके अनुताईंनी कार्य चालविले. २८ वर्षांचा सहवास ज्याच्या मागे आहे, ते कार्य प्रवर्तकाच्या मृत्यूने खंडित झाले नाही, ही गोष्ट लक्षणीय होय.

१९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले व मराठीतील हा शब्द देशातील इतर भाषांतही रूढ झाला. नाव सर्वदूर गेले. परंतु त्या नावामागे जो दोन शिक्षिकांचा संबंध होता, तो नावाबरोबर जाऊ शकत नाही. नोंदवह्या तपासणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. पर्यवेक्षक झालेले काम मोजतो. मार्गदर्शक काम चालू असताना जवळ बसतो, मुलांकडे बरोबरीने पाहतो व अपयशाचा विचार सेविकेबरोबर करतो. यासाठी अनुभवी शिक्षकाचा वेळ लागतो, आणि तो वेळ कामाचाच भाग म्हणून धरावा लागतो. बोर्डी व कोसबाड येथे तो तसा धरला गेला होता. अंगणवाडीचा वारसा सांगताना नावाइतकेच महत्त्व या व्यवस्थेस दिले पाहिजे.