पाडव्याची फुल पेज : वीस तासांचा घटनाक्रम

गुढीपाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशीच्या मराठी दैनिकात फ्लॅटच्या जाहिरातींतून वाट काढत बातमी शोधावी लागते. त्यातली बरीच पानं घरी बसून, एकट्याने काम करणारे फ्रीलान्सर रचतात. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका प्रकल्पाचा नाही. या धंद्यात एरवी सुटी सुटी घडणारी प्रकरणं इथे एका दिवसात ओवली आहेत. पात्रं चार : पुण्यातला एक डिझायनर, बिल्डरच्या ऑफिसातल्या मार्केटिंगच्या मॅडम, मालक म्हणजे भाऊ, आणि भाऊंचा भाचा.

सकाळी १०.३० : अंक दारात पडायला २० तास

मॅडमचा फोन. "सर, उद्या पाडव्याला फुल पेज आहे. सातच्या आत पेपरला मटेरियल द्यायचंय. तुमच्यासाठी काय, दोन तासांचं काम." डिझायनर दराचं विचारतो. "भाऊ बघतील हो. पैसे कुठं पळून चाललेत?"

पानाचं बुकिंग झालेलं आहे, त्याचे पैसे भरलेले आहेत. एक पैसा हातात न घेता कामाला लागणारा माणूस या व्यवहारात एकच. रक्कम, निम्मा ॲडव्हान्स, दोनदा करेक्शन आणि शेवटचा होकार कोणाचा, एवढ्या चार ओळींचा मेल आत्ता गेला असता तर कुणाला रागही आला नसता. डिझायनर म्हणतो, "पाठवा कंटेंट."

दुपारी १२.३० : १८ तास

कंटेंट व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी येतो. मजकूर, मग "हा नको, हा घ्या", मग इमारतीचं चित्र. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. वर्तमानपत्राचं पान उभं साधारण ५२ सेंमी, म्हणजे इंचाला ८० ठिपकेही भरत नाहीत. बरी छपाई हवी तर त्याच्या अडीचपट लागतात. डिझायनर मूळ फाइल मागतो. मॅडम आर्किटेक्टकडे मागतात. आर्किटेक्ट जेवायला गेलेत.

दुपारी ३.३० : १५ तास

पहिलं डिझाइन जातं. आंबापिवळ्या पार्श्वभूमीवर गुढी आणि वर उजवीकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता व क्यूआर कोड. क्रमांक आणि पत्ता रेरा कायद्याने जाहिरातीत लागतोच. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआरही सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की ग्राहकाला प्रकल्पाची नोंदलेली माहिती दिसते. चुकलं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तो विकासकाला.

मॅडमचं उत्तर : "मस्त!" अर्ध्या तासाने भाच्याचं : "थोडं प्रीमियम करा. पिवळा डाउनमार्केट वाटतो." भाचा या व्यवहारात कोण आहे, हे डिझायनरला ठाऊक नाही. तो विचारतही नाही. पिवळ्याचा सोनेरी करतो.

सायंकाळी ५.३० : १३ तास

भाऊंचा पहिला फोन. "सोनेरी कुणी सांगितलं? पाडवा आहे, पिवळाच ठेवा. आणि आमदारसाहेब येणारेत उद्घाटनाला. त्यांचा फोटो वर उजव्या बाजूला घ्या."

"भाऊ, तिथं क्यूआर आहे. कायद्यानं लागतो तो."

"मग काढा कुठं म्हणालो? खाली न्या, बारीक करा. एवढा काळा चौकोन शोभतो का सणाच्या जाहिरातीत?"

फोन बंद. बोलणं तोंडी झालं, पुरावा काहीच नाही. "आपल्या सूचनेवरून क्यूआर लहान करत आहे, तो छापून स्कॅन होईल याची खात्री देता येत नाही." हे वाक्य मॅडमच्या आणि भाऊंच्या नंबरवर टाकायला मिनिट पुरलं असतं. बहुधा भाऊंनी तेव्हाच माघारही घेतली असती. पण डिझायनरला वाटतं, एवढ्यासाठी गिऱ्हाईक कशाला दुखवा!

सायंकाळी ६.३० : १२ तास

आमदारांचा फोटो येतो, कुठल्याशा फ्लेक्सवरून कापलेला. तो साफ करण्यात वीस मिनिटं जातात. क्यूआर एक सेंटिमीटरवर येतो आणि पिवळ्यावर चिकटवला जातो. क्यूआरच्या चारी बाजूंना त्यातल्याच बारीक चौकटीच्या चौपट कोरी जागा सोडायची असते. ती उरत नाही. फाइल शेवटच्या क्षणी स्क्रीनच्या रंगांतून छपाईच्या रंगांत बदलली जाते आणि क्यूआरचा काळा निव्वळ काळा न राहता निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शाईंचा बनतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. चार शाई केसभर सरकल्या तरी एवढ्या बारीक चौकोनाचा लगदा होतो.

डिझायनर मोबाइल स्क्रीनसमोर धरतो. कोड स्कॅन होतो. त्याचा जीव भांड्यात पडतो. मात्र स्क्रीनवर ना शाई पसरते, ना सरकते.

सायंकाळी ६.५५ : साडेअकरा तास

पीडीएफ जाते. नावात तीनदा "फायनल". मॅडमकडून अंगठा. भाऊ एका लग्नात आहेत, भाच्याने मेसेज पाहिलेला नाही. मटेरियल पेपरकडे.

रात्री ९.३० : ९ तास

प्लेटा बनेपर्यंत फाइल बदलण्याची विनंती तरी करता येते. डिझायनरने मूळ मापाची एक प्रिंट जवळच्या दुकानातून काढून आणली असती तर कोड अडतोय हे कदाचित दिसलं असतं. तो जेवून झोपलाय. थकलाय, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पाडवा, सकाळी ६.३० : शून्य

अंक दारात. आमदार ठळक, क्यूआर म्हणजे काळपट डाग.

सकाळी ११.००

कुणा ग्राहकाने बुकिंग ऑफिसात विचारलं, कोड का चालत नाही? भाऊंचा फोन : "हे कुणी ओके केलं?" मॅडम गप्प. "महारेराची नोटीस आली तर दंड तुमच्या बिलातून जाईल." ही भीती पोकळ नाही. जाहिरातींवर नजर ठेवायला महारेराने जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे 'ॲस्की'ची मदत घेतलेली आहे. बिल? ते तर अजून पाठवलेलंच नाही.

नंतरचा हिशोब

भाऊ कुणी खलपुरुष नाहीत. त्यांच्या ऑफिसात हो म्हणणारे तिघं आणि जबाबदारी घेणारं कुणी नाही, एवढंच. फ्रीलान्सर ज्याला त्रासदायक गिऱ्हाईक म्हणतात ते बहुतेकदा असंच असतं. शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्या फोनवर लेखी ठरवून घेणं, हे म्हणूनच डिझायनरचं काम. सकाळी साडेदहाला त्याची किंमत चार ओळी होती, साडेपाचला एक अवघड वाक्य झाली आणि दुसऱ्या दिवशी अकराला अख्खं बिल.

कायदा अशा माणसाच्या बाजूने थोडा आहे. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. भाऊंची हरकत फोनवरची होती.

हे संरक्षण हवं तर नोंदणी काम घेण्याआधीच केलेली बरी. ती ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही पडत नाही. या पाडव्याच्या आत करून टाका.