सोलर घ्यावं का? थोडा मागचा हिशोब

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, 'घरावर सोलर बसवणे'. आजवर आम्ही शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी, मुलींच्या फीसाठी कर्ज दिलं. सोलरसाठी पहिल्यांदाच कुणी मागितलं. कुणी म्हणालं, द्या की, ऊन तर फुकट आहे. कुणी म्हणालं, ही श्रीमंतांची कामं. अध्यक्षताईंनी अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला आणि मला म्हणाल्या, "तू पुस्तकं वाचतेस ना, मग जरा बघून सांग." म्हणून आजचं हे बोलणं.

हा प्रश्न नवा नाही बरं का. दीडशे वर्षांपूर्वी तो आपल्या मुंबईतच निघाला होता. तिथल्या हायकोर्टात विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. इथं जळण महाग, कोळसा लांबून आणायचा आणि डोक्यावर ऊन तर रणरणतं, मग ते वाया का घालवायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कुलाब्याला खूप आरसे मांडून त्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. आरसे लावलेली एक आठकोनी चूलही केली. जानेवारीच्या उन्हात तिच्यावर सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजलं. १८७८ साली त्यांनी यावर पुस्तकही छापलं. पण लोकांनी ते उचललं नाही. लाकूड, कोळसा, गोवऱ्या चालूच राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात सूर्यचूल तयार केली. तिचा गाजावाजा पुष्कळ झाला, खप काही झाला नाही. पुढे १९८० च्या दशकात सरकारनं पेटीसारख्या सोलर कुकरवर अनुदान दिलं. तो मी डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या सासूबाईंनी हौसेनं घेतला होता. वरण-भात त्यात फार सुरेख व्हायचा, करपायचा नाही. पण व्हायचा दुपारी बारा-एकला, आणि आमच्याकडची माणसं भाकरी बांधून सकाळी आठलाच शेतावर जायची. भाकरी काही त्या पेटीत होत नाही. रात्रीचा स्वयंपाक तर दिवस मावळल्यावरच. दोन वर्षांनी त्या पेटीत सासूबाई पापड ठेवायला लागल्या. झाकण घट्ट बसायचं, मुंग्या जायच्या नाहीत. कुकर वाईट नव्हता. आमच्या घरात चूल कधी पेटते, हे मात्र तो बनवताना कुणी विचारलं नव्हतं.

आता विजेकडे येऊ. उन्हापासून सरळ वीज करणारी सिलिकॉनची चकती १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. पडलेल्या उन्हातला जेमतेम ६ टक्के भाग ती विजेत बदलायची. किंमत इतकी, की सुरुवातीला ती आकाशातल्या उपग्रहांनाच परवडली. १९७७ साली एका वॉटच्या पॅनलला सुमारे ७६ डॉलर पडायचे. आज अर्धा डॉलरही पडत नाही. किंमत अशी उतरत गेली, तसं ते गरिबांच्या छपरापर्यंत आलं. आणि सगळ्यात जास्त आलं ते आपल्या शेजारच्या बांगलादेशात. ही गोष्ट जरा सावकाश ऐका, कारण ती थेट आपल्यासारख्या बायकांची आणि हप्त्यांची आहे.

तिथल्या खेड्यांत वीज नव्हती. रॉकेलची चिमणी, डोळ्यांत धूर, आणि पोरांचा अभ्यास तेवढ्याच उजेडात. १९९६ साली तिथं ग्रामीण शक्ती नावाची संस्था निघाली. बचत गटांमुळे आपल्याला माहीत असलेल्या ग्रामीण बँकेच्याच कुटुंबातली. तिनं छपरावर एक लहान पॅनल, घरात एक बॅटरी, तीन-चार दिवे आणि मोबाईल चार्ज करायची सोय असा संच विकायला सुरुवात केली. रोख घ्यायला कुणाकडे पैसे? म्हणून थोडी रक्कम आधी आणि उरलेली दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी. हप्ता न्यायला येणारा माणूसच संच तपासायचा, बॅटरीतलं पाणी बघायचा. पुढे त्यांनी बायकांनाही शिकवलं. गावातल्या मुली संचाचे भाग जोडायला आणि दुरुस्त करायला लागल्या. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हेच. विकणारा विकून पळाला नाही.

२००३ पासून सरकारी वित्तसंस्था आणि जागतिक बँकेचा पैसा यात आला आणि काम झपाट्यानं वाढलं. २०१८ पर्यंत ४१ लाख घरांत असे संच बसले. जगात एवढं मोठं काम दुसरीकडे कुठं झालं नव्हतं.

आणि मग ते थांबलं. २०१३ च्या सुमाराला विक्री सगळ्यात जास्त होती, त्यानंतर ती घसरतच गेली. एक तर सरकारनं खेड्यापाड्यांत खांब रोवून खरी लाइन न्यायला सुरुवात केली. दुसरं, सरकारनंच दुसऱ्या एका योजनेतून काही घरांना संच फुकट वाटले. शेजारणीला फुकट मिळाला की आपला हप्ता कोण भरेल? बाजारात स्वस्त, बिनहमीचा मालही आला. हप्ते थकले, संस्था अडचणीत आल्या. २०२२ मध्ये बांगलादेशानं शंभर टक्के वीजजोडणी झाल्याचं जाहीर केलं.

काही लोक म्हणतात, ती योजना फसली. मला नाही तसं वाटत. समजा एका बाईनं २००४ साली संच घेतला. तिचे हप्ते तीन वर्षांत फिटले, रॉकेल सुटलं आणि पुढची कितीतरी वर्षं घरात उजेड राहिला. तिचा एक पैसा वाया गेला नाही. दुसरीनं तोच संच, त्याच हप्त्यानं २०१४ साली घेतला, आणि पुढच्याच वर्षी दारात खांब आला. आता तिच्याकडे पंखा चालेल अशी लाइन आहे आणि डोक्यावर तीन दिव्यांच्या संचाचं कर्ज. दोघींच्या पॅनलवर ऊन सारखंच पडत होतं.

आपल्या देशातही असं झालंय. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात २०१४ साली एका संस्थेनं गावापुरती सौर वीज उभारली. त्या विजेवर फ्रिज चालेना, आणि ती खांबावरच्या विजेपेक्षा महाग. लोकांनी माजी मुख्यमंत्र्यांपुढेच मागणी केली, आम्हाला नकली नको, असली वीज द्या. लवकरच लाइन आली. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, आणि त्या जागेत गुरं बांधायला लागले.

आता आमच्या ताईंचा अर्ज. आपल्याकडे खांब आलेलाच आहे, म्हणून आपला प्रश्न बांगलादेशच्या उलटा आहे. आपल्याला उजेड नाही, बिल कमी करायचंय. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. १ किलोवॉट म्हणजे हल्लीचे दोन मोठे पॅनल, साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा. त्यातून वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज होते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसा जास्तीची वीज लाइनवर जाते आणि बिलात वजा होते.

समजा १ किलोवॉटला ६५ हजार लागले. अनुदान गेलं की ३५ हजार उरतात. ताईंचा वापर महिन्याला ६० युनिट. ५ रुपये युनिट धरला तर महिन्याला ३०० रुपये वाचले. जास्तीची वीज उरेल, पण तिचे वर्षअखेर थोडेच पैसे मिळतात, आणि बिलातला स्थिर आकार काही सुटत नाही. आता आपल्या गटाचं व्याज बघा. शेकडा २ रुपये धरलं तर ३५ हजारांचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ७०० रुपये. वाचतात ३००. शिवाय अनुदान बसवून झाल्यावर खात्यात येतं, तोवर व्याज पूर्ण ६५ हजारांवर. बँकेचं या योजनेचं कर्ज फार स्वस्त आहे, तिथला हिशोब वेगळा.

अजून एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. लाइन गेली की हे साधं सोलरही बंद पडतं. भर उन्हात. खांबावर वायरमन चढला असेल तर आपल्या छतावरचा करंट त्याला लागू नये, म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं असतं. लोडशेडिंगमध्ये पंखा हवा असेल तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे, आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागते. ताईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना सोलर हवं होतं तेच मुळी लोडशेडिंगसाठी, मुलाची बारावी आहे म्हणून. त्यांनी अर्ज मागे घेतला. आता मुलाच्या टेबलाजवळ चार्जिंगचा एक चांगला दिवा आणि छोटा पंखा घ्यायचं चाललंय.

पण त्याच बैठकीत दुसरी एक मैत्रीण बोलली. तिच्याकडे फ्रिज आहे, घरघंटी आहे, दिवसभर शिलाई मशीन चालते. वर्षभराची बिलं तिनं जपून ठेवली होती. कुठल्याच महिन्यात १५० युनिटच्या खाली नाही, आणि शंभराच्या पुढच्या युनिटला दर चढा लागतो. महिन्याला १२० युनिट वाचले आणि ७ रुपये धरले, तर ८४० रुपये झाले. ३५ हजार साडेतीन वर्षांत वसूल. स्लॅब पक्का आहे, सावली नाही, पॅनल पुसायला जिना आहे. तिनं बँकेचंच कर्ज घ्यावं असं ठरलं.

अडलं कुठं, सांगू? मीटर तिच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, नाव कुणी बदललंच नाही. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे की नाही, हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं. गेल्या सोमवारी आम्ही दोघी ग्रामपंचायतीत जाऊन उतारा काढला. मीटरचं नाव बदलण्याचा अर्ज दिलाय.