अक्षर फोडून पाहणारा चित्रकार : इब्राहिम अल-सलाही आणि खार्तूम स्कूल

१९५७ साली लंडनच्या स्लेड कलाशाळेतील शिक्षण पूर्ण करून एक तरुण चित्रकार सुदानला परतला. देश स्वतंत्र होऊन जेमतेम दीड वर्ष लोटले होते. खार्तूमच्या ग्रँड हॉटेलात त्याने आपले प्रदर्शन भरवले. त्यात व्यक्तिचित्रे होती, स्थिरचित्रे होती, नग्नाकृतींचे अभ्यास होते. युरोपात जे शिकवले जाते, ते सगळे होते. उद्घाटनाला लोक आले, सरबत प्याले, ओळखीच्यांशी बोलले आणि निघून गेले. त्यानंतर दालनात चिटपाखरूही फिरकले नाही. त्याने पुन्हा प्रदर्शन भरवले. पुन्हा तेच.

आजचा धागा या चित्रकाराविषयी आहे. नाव इब्राहिम अल-सलाही, जन्म १९३०, गाव ओमदुर्मान. म्हणजे नाईलच्या एका तीरावर खार्तूम, तर दुसऱ्या तीरावर हे. आफ्रिकी आधुनिक कलेच्या इतिहासात ‘खार्तूम स्कूल’ नावाचे जे प्रकरण येते, त्याच्या केंद्रस्थानी हा माणूस आहे.

रिकाम्या दालनाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक सोपा : लोक अडाणी होते, त्यांना कला कळत नव्हती. वसाहतीतून शिकून आलेल्या अनेकांनी हाच अर्थ लावला आणि आयुष्यभर लोकांवर रुसून बसले. सलाहींनी दुसरा अर्थ लावला. आपली चित्रे ज्या भाषेत बोलतात ती इथे कोणाच्या घरची नाही, हे त्यांनी मान्य केले. मग जवळजवळ दोन वर्षे ते अडून राहिले. या काळात ते सुदानभर हिंडले आणि लोकांच्या घरात आधीपासून काय आहे ते पाहू लागले : भिंतींवर टांगलेले सुलेखन, जानमाजवरची नक्षी, चटया, टोपल्या, चामड्याचे काम.

जे सापडले ते खरे तर त्यांच्या स्वतःच्या घरातलेच होते. त्यांचे वडील धर्मशिक्षक. घरातच ‘खलवा’ चाले, म्हणजे कुराण शिकवणारी शाळा. तिथे मुले ‘लौह’ नावाच्या लाकडी पाटीवर लिहीत. शाई काजळी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांची. आयत पाठ झाली की पाटी धुवायची आणि पुढची लिहायची. हे धुतलेले पाणी टाकून देत नसत. आशीर्वाद म्हणून ते पिण्याची प्रथा होती. अभ्यासाचा एक टप्पा पूर्ण झाला की पाटीवर रंगीत नक्षी काढण्याचा मान मिळे. तिला ‘शरफा’ म्हणत. सलाहींचे चित्रकलेचे पहिले शिक्षण ते हेच. स्लेड त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले.

आता त्यांनी चित्राच्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या जागेत, अरबी अक्षरे लिहायला सुरुवात केली. लोक थोडे जवळ आले. अक्षरे कॅनव्हासभर पसरवली, तेव्हा आणखी जवळ आले. मग त्यांनी तिसरी गोष्ट केली, आणि माझ्या मते आधुनिक आफ्रिकी चित्रकलेतील निर्णायक क्षणांपैकी हा एक आहे : त्यांनी अक्षर फोडले. एखाद्या अक्षराला अर्थ कुठून येतो, त्याच्या रेषेतून की रेषांमधल्या रिकाम्या जागेतून, हे पाहण्यासाठी त्याचे तुकडे केले. त्या तुकड्यांतून माणसे निघाली, प्राणी निघाले, झाडे निघाली. लांबोळके, मुखवट्यासारखे चेहरे आणि पोकळ डोळे. आफ्रिकी मुखवटा आणि अरबी वळण या दोन परंपरा एकाच रेषेत नांदू लागल्या.

रंगही त्यांनी आखडते घेतले. काळा, पांढरा, गेरू, करपलेला तपकिरी, म्हणजे सुदानच्या मातीचे रंग. ‘रीबॉर्न साउंड्स ऑफ चाइल्डहूड ड्रीम्स’ (१९६१-६५) हे या काळातले सुमारे अडीच मीटर लांबीरुंदीचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते सुती कापडावर रंगवलेले आहे. १९६४ चे ‘द लास्ट साउंड’ वडिलांच्या मृत्यूनंतरचे. मरणासन्न माणसाजवळ म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांचा नाद त्यामागे आहे. ज्यांनी अक्षर शिकवले त्यांना निरोप त्याच अक्षरांच्या अवशेषांतून दिलेला!

इथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘सलाहींनी खार्तूम स्कूलची स्थापना केली’ असे वाक्य सर्रास वाचायला मिळते. स्थापना म्हणावी तर सनद नव्हती, सभासद नव्हते, वर्गणी नव्हती. ‘खार्तूम स्कूल’ हे नावही बाहेरच्याने दिलेले आहे : तिथे शिकवणारे, मूळचे गयानाचे चित्रकार डेनिस विल्यम्स यांनी. अहमद शिब्रैन, कमाला इब्राहिम इशाक आणि सलाही ही त्यातली प्रमुख नावे. त्यांच्याही आधी उस्मान वकीअल्ला या सुलेखनकाराने अक्षराला धर्मग्रंथाच्या पानाबाहेर काढले होते. इराकच्या मदीहा उमर यांनी तर १९४९ मध्येच वॉशिंग्टनला अक्षरांवर आधारलेली चित्रे मांडली होती. तेव्हा सलाही ‘पहिले’ नव्हेत. त्यांचे वेगळेपण अक्षर चित्रात आणण्यात नाही, ते मोडून त्यातून आकृती जन्माला घालण्यात आहे.

साठच्या दशकात नाव झाले. नायजेरियातील इबादानच्या म्बारी क्लबमध्ये प्रदर्शन, अमेरिकेतील शिष्यवृत्त्या, १९६६ चा डाकारचा महोत्सव. पुढे लंडनच्या सुदानी दूतावासात सांस्कृतिक विभागाची नोकरी. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले आणि जनरल निमेरींच्या राजवटीत सांस्कृतिक खात्यात वरिष्ठ अधिकारी झाले. सप्टेंबर १९७५ मध्ये निमेरींविरुद्ध एक बंड झाले आणि फसले. त्यात सामील असल्याच्या संशयावरून सलाहींना अटक झाली. खटला नाही, शिक्षा नाही. नुसतीच कैद, खार्तूमच्या कोबर तुरुंगात, सहा महिन्यांहून अधिक.

कोबरमध्ये कागद-पेन्सिल बाळगणे गुन्हा होता. सापडल्यास एकांतकोठडी. सलाही सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाचे कपटे मिळवीत, त्यांवर चोरून रेखाटत आणि पहारेकरी येण्याआधी वाळूत पुरून ठेवीत. कपटा तळहाताएवढा, पण चित्र मनात मोठे. म्हणून एका कपट्यावर बीज काढायचे आणि पुढच्या कपट्यावर ते वाढू द्यायचे. तुकडा तुकड्याला जोडत चित्र वाढवण्याची ही रीत कोणत्याही कलाशाळेतून आलेली नाही. ती झडतीच्या भीतीतून आली आहे. मार्च १९७६ मध्ये सुटका झाली, पण वाळूतले कपटे मागेच राहिले. आपल्याला आज दिसते ती ‘प्रिझन नोटबुक’ सुटकेनंतर आठवणीतून काढलेली आहे. अभ्यासकाने हे ध्यानात ठेवलेले बरे : ती तुरुंगातली नोंद नाही, तुरुंगाची स्मृती आहे. मूळ दस्तऐवज वाळूने गिळला.

१९७७ मध्ये ते देश सोडून कतारला गेले. ‘द इनेव्हिटेबल’ (१९८४-८५) हे त्यांचे बहुधा सर्वांत गाजलेले चित्र. काळ्या शाईत, नऊ तुकड्यांचे. आवळलेल्या मुठी, एकमेकांत गुंतलेली शरीरे. कोबरमधली रीत इथे भिंतीएवढी होते. एप्रिल १९८५ मध्ये जनतेच्या उठावाने निमेरींची राजवट कोसळली.

दरम्यान खार्तूममध्ये त्यांच्याच परंपरेविरुद्ध बंड झाले होते आणि त्यात कमाला इशाक स्वतः होत्या. १९७६ च्या जानेवारीत, म्हणजे सलाही तुरुंगात असतानाच, ‘क्रिस्टलिस्ट’ गटाने आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. वारसा आणि ओळख यांच्या चौकटीत कला किती काळ कोंडायची, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. मला तो वजनदार वाटतो. अरबी अक्षर आणि आफ्रिकी मुखवटा यांच्या मीलनातून ‘सुदानी’ माणूस घडतो, हे सूत्र देखणे आहे. पण त्याच काळात दक्षिण सुदानमध्ये यादवी युद्ध चालू होते आणि तिथल्या माणसाला या मीलनाविषयी कोणी विचारले नव्हते. चित्र श्रेष्ठ असले म्हणून त्यामागचे सूत्र आपोआप निर्दोष ठरत नाही.

२०१३ मध्ये टेट मॉडर्नने सलाहींचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. आफ्रिकी आधुनिक चित्रकाराचे तिथले हे पहिलेच. ‘द इनेव्हिटेबल’ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहालयात, ‘प्रिझन नोटबुक’ न्यूयॉर्कमध्ये. ही चित्रे सुदानबाहेर असल्याचे दुःख करावे की समाधान, ठरवता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पेटलेल्या युद्धात खार्तूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले.

सलाही १९९८ पासून ऑक्सफर्डला स्थायिक आहेत. उतारवयात शरीर दुखू लागले, फार वेळ उभे राहून मोठे चित्र करणे अवघड झाले. तेव्हा त्यांनी आपल्याच औषधांची रिकामी खोकी उलगडली आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पेनाने रेखाटने सुरू केली. ‘पेन रिलीफ’ नावाने ती ओळखली जातात. त्यांतली काही पुढे मोठ्या कापडावर छापून भिंतभर केली गेली. या वेळी कपटे कुठेही पुरावे लागले नाहीत.