वॉटर सॉफ्टनर बसवायलाही लायसन्स लागतं? कॅलिफोर्नियातलं सी-५५ लायसन्स समजून घ्या

बोअरच्या पाण्याने नळावर पांढरे क्षार जमणं, गीझरची कॉइल खराब होणं, साबणाला फेस न येणं हे आपल्याकडे नवीन नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातही अनेक भागांत पाणी असंच जड आहे. फरक इतकाच, की तिथे घराच्या पाइपलाइनवर सॉफ्टनर बसवण्याचं कंत्राट घ्यायचं तर लायसन्स लागतं. त्याचं नाव ‘सी-५५ वॉटर कंडिशनिंग काँट्रॅक्टर’. ते देतं काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, म्हणजेच सीएसएलबी.

लायसन्सची गरज काय?

सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात, आणि ते घाण पाणी ड्रेनमध्ये जातं. ड्रेनची नळी हवेची मोकळी जागा न ठेवता जोडली, तर सांडपाणी उलटं खेचलं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं. म्हणजे काम दिसायला छोटं असलं तरी चूक महागात पडते.

सी-५५वाला यंत्र बसवू शकतो आणि ते जोडण्यापुरते पाइप टाकू शकतो. घरातली सगळी पाइपलाइन बदलायची असेल तर सी-३६, म्हणजे प्लंबिंगचं वेगळं लायसन्स लागतं.

लायसन्स कसं मिळतं?

१. वय किमान १८ वर्षं.
२. गेल्या १० वर्षांत या कामाचा किमान ४ वर्षांचा अनुभव. शिकाऊ म्हणून केलेलं काम यात धरत नाहीत. तांत्रिक शिक्षणाची काही सूट मिळते, पण किमान १ वर्ष प्रत्यक्ष काम केलेलं हवंच.
३. अनुभवाची खात्री देणारी व्यक्ती. मालक, सहकारी किंवा ज्याने काम जवळून पाहिलंय असं कुणीही चालतं.
४. दोन परीक्षा: एक कायदा आणि व्यवसायाची, दुसरी सी-५५च्या कामाची.
५. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी.
६. २५,००० डॉलरचा बाँड. एवढी रक्कम खिशातून भरायची नसते. बाँड कंपनीला प्रीमियम द्यायचा असतो.
७. कामगार ठेवले तर त्यांचा अपघात विमा.

लायसन्स दर २ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा: लायसन्स म्हणजे व्हिसा नाही. अमेरिकेत काम करण्याची परवानगी हा पूर्ण वेगळा विषय आहे.

लायसन्सशिवाय काम केलं तर?

१ जानेवारी २०२५ पासून मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या कामाला सूट आहे. मात्र त्या कामाला परमिट लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल, तर ही सूट मिळत नाही. सूट नसताना काम केलं तर पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ग्राहकाने पैसे बुडवले तरी कोर्टात मागता येत नाहीत.

फोनवरून कसं तपासायचं?

तुमचे नातेवाईक किंवा मित्र तिकडे राहत असतील तर हे त्यांना नक्की सांगा. सीएसएलबीच्या वेबसाइटवर ‘चेक अ लायसन्स’मध्ये नंबर किंवा नाव टाका. लायसन्स चालू आहे का, त्यावर सी-५५ आहे का, बाँड आणि विमा आहे का, हे सगळं फुकटात दिसतं. दुसऱ्याचा नंबर वापरणारेही असतात, म्हणून समोरच्याचं फोटो ओळखपत्र मागून नाव जुळवा.

घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या कामात ॲडव्हान्स १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच घेता येतो. जास्त मागितला तर तिथेच थांबा.

शेवटचं म्हणजे गावाचा नियम बघा. सांता क्लॅरिटा व्हॅलीमध्ये नदीत क्लोराइड वाढतं म्हणून मिठावर चालणारे, स्वतः धुऊन घेणारे सॉफ्टनर २००९ पासून बंद आहेत. तिथे लायसन्सवाल्यालाही ते बसवता येत नाहीत.