शिडाच्या जहाजावरील गोड्या पाण्याचा हिशेब

विरार स्टेशनच्या पश्चिमेला आगाशी ओलांडून गेले की अर्नाळा येते आणि तिथल्या किनाऱ्यावरून होडीने थोड्याच वेळात अर्नाळ्याच्या बेटावर उतरता येते. मागच्या हिवाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरातील चोवीस जणांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. बेटावरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि नव्याने बांधून काढला. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ आहे आणि देवळासमोर एक अष्टकोनी तळे. चहूबाजूंना खारे पाणी असताना हे तळे पाहिले की कोणालाही थांबावेसे वाटते. आमची मंडळीही थांबली. त्यांच्यात एक बाई इतिहासही शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "जुने खलाशी किनाऱ्याकिनाऱ्याने जात, असे आम्ही वर्गात सांगतो. मुले विचारतात, का? मग आम्ही म्हणतो, होकायंत्र नव्हते, भीती वाटायची. पण हे उत्तर खरे आहे का हो?"

ते अर्धेच खरे आहे. ताऱ्यांवरून दिशा काढून, मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन अरबी समुद्र सरळ ओलांडणारी जहाजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातही होती. किनारा सोडवत नसे त्यामागे आणखी एक मोठे कारण होते, आणि ते त्या तळ्यातच होते. शिडाच्या जहाजाला इंधन लागत नाही, वारा फुकट मिळतो. मग ते किती दूर जाऊ शकेल याची मर्यादा कशावर? बरोबर घेतलेल्या गोड्या पाण्यावर.

साधा गुणाकार करून पाहू. जहाजावर शंभर माणसे आहेत आणि पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज दोन लिटर पाणी लागते असे धरा. साठ दिवसांच्या सफरीला बारा हजार लिटर, म्हणजे बारा टन पाणी झाले. हे बारा टन मालाच्या जागेत बसतात आणि त्यांचे भाडे कोणी देत नाही. साहजिकच व्यापाऱ्याला पाणी कमी न्यायचे असते, तर खलाशाला जास्त. हा झगडा जहाजांइतकाच जुना असणार.

त्याचे एक चित्र आपल्याकडे आहे, आणि त्याचा विरारच्या परिसराशी संबंधही आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. जहाजाच्या मागच्या भागात छपराखाली रांजणांची रांग मांडलेली दिसते. हा प्रसंग पूर्ण नावाच्या भिक्षूच्या कथेतला मानला जातो. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे विरारच्या अलीकडच्या स्टेशनाने ज्याचे नाव जपले आहे त्या सोपाऱ्याचा. चंदन आणायला गेलेल्या त्याच्या भावाचे जहाज वादळात सापडते आणि पूर्ण त्याला वाचवतो, अशी ती कथा. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरून काढला, तेव्हापासून हे बंदर पुन्हा इतिहासाच्या पुस्तकात आले. चित्रातल्या रांजणांत तेलतूप असू शकेल, मद्यही असू शकेल. आम्हाला मात्र त्यांतले निदान काही पाण्याचे वाटतात. भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र भांड्यातले पाणी पाझरून गार राहते, मग ते छपराखाली, हाताशी असलेले बरे.

अजिंठ्याचे हे लेणे रंगले त्याच शतकाच्या सुरुवातीला चिनी यात्रेकरू फाहियान भारत व श्रीलंकेचा प्रवास आटोपून समुद्रमार्गे मायदेशी परतत होता. जावा बेटाच्या बाजूला त्याने दुसरे जहाज घेतले. त्यावर दोनशेहून अधिक माणसे होती आणि पन्नास दिवसांची शिधासामग्री. महिनाभराने वादळ आले. या श्रमणामुळेच संकट ओढवले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे, असा विचार जहाजावरच्या काही प्रवाशांनी केला. फाहियानच्या पाठीराख्या गृहस्थाने दम भरला म्हणून तो बचावला. पुढे आकाश झाकोळलेलेच राहिले, दिशा चुकली आणि सत्तर दिवस उलटले. पाणी संपत आले. तेव्हा काय केले ते फाहियानने लिहून ठेवले आहे. स्वयंपाक समुद्राच्या पाण्यात करू लागले आणि गोडे पाणी मोजून माणशी दोन 'शंग' वाटले. त्या काळचा शंग सुमारे पाव लिटरहून लहान होता, म्हणजे वाट्याला आले अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. त्यानंतर वायव्येकडे वळून बारा दिवसांनी चीनचा किनारा लागला. उतरल्याबरोबर काय मिळाले, तर चांगले पाणी आणि भाजी, ही नोंद करायला तो विसरलेला नाही.

समुद्राचे पाणी पिऊन का भागत नाही, हे आपण वर्गात सांगतोच. एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. आपले मूत्रपिंड एवढे दाट मूत्र तयार करू शकत नाही, म्हणून आत आलेले मीठ बाहेर टाकायला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्ची पडते आणि माणूस पिऊन अधिक तहानतो. स्वयंपाकात मात्र ते थोडे चालते. चार वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचे मिसळले की क्षार शेकडा पाऊणच्या आत येतात. भात जरा खारट होतो, इतकेच.

आता जवळजवळ बाराशे वर्षे पुढे येऊ. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त मोठ्या जहाजावरच्या नोकरवर्गाची यादी दिली आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक, मुअल्लिम म्हणजे मार्ग काढणारा. मग तांडेल, सारंग, सुकाणूवाला, खलाशी. यांतले निम्मे शब्द आजही आपल्या कोळीवाड्यांत कानावर पडतात. प्रवाशांना सरपण पुरवणारा एक वेगळा माणूस आहे. भांडाराची व्यवस्था पाहणारा भंडारीही आहे. तेव्हा पाणी भंडाऱ्याकडे असेल असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. पाणी वाटण्याचे काम आहे कर्राणीकडे, आणि कर्राणी म्हणजे जहाजाचा हिशेब लिहिणारा लेखनिक.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही बराच वेळ तिथेच अडकलो. तेल, तांदूळ, डाळ कोठारातून काढून दिले की काम झाले. पाणी मात्र रोज, प्रत्येकाला, सर्वांच्या डोळ्यांदेखत द्यावे लागते, आणि किती उरले व किती दिवस उरले हा भागाकार रोज नव्याने करावा लागतो. वारा पडला की भाजक वाढतो. असे काम लिहिणाऱ्याकडेच हवे.

आमच्या लहानपणी, १९९४ च्या उन्हाळ्यात, विरारमधल्या आमच्या इमारतीत हेच झाले होते. नळाला पाणी नसायचे. टँकर यायचा तोही दिवसाआड. जिन्याखाली हंडे-बादल्यांची रांग आणि रोजची भांडणे. शेवटी तळमजल्यावरच्या एका निवृत्त बँक कारकुनांनी खुर्ची टाकली, शंभर पानी वही उघडली आणि घरटी बादल्या लिहायला सुरुवात केली. भांडणे थांबली असे नाही, पण ती आता वहीतल्या आकड्यांवरून होऊ लागली. एका नोंदीत 'दोन जास्त, बाळंतीण' असे लिहिलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. टँकर ज्या बागाईतल्या विहिरींतून भरले जात, तिकडच्या लोकांचे म्हणणे वेगळे होते आणि ते बरोबरही होते. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घनतेतल्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर ते एक मीटर उभे असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर पोचते. उलट, वरची पातळी उपशाने एक मीटर उतरली की खालून खारे पाणी तितकेच मीटर वर सरकते. अर्नाळ्यासारख्या बेटावर ही गोड्या पाण्याची भिंगासारखी चकती पातळच असणार, म्हणून तिथे पावसाचे पाणी साठवणारे तळेही हवे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही गड बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एकाच पाण्यावर विसंबू नये, असा उपदेश आहे. तो समुद्रातल्या किल्ल्याला लागू पडतो तसा जहाजालाही.

अर्नाळ्याच्या वाटेवरची आगाशी एके काळी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. १५४० मध्ये तिथे बांधलेल्या एका जहाजाने युरोपच्या फेऱ्या केल्या, असे १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर सांगते. इतक्या लांबच्या सफरीत युरोपीय लोक पाणी लाकडी पिंपांत नेत. काही आठवड्यांत त्याला सडक्या अंड्यांचा वास येई. पाण्यातले सल्फेट आणि लाकडातून उतरलेली सेंद्रिय द्रव्ये यांवर ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. पिंप उघडून पाणी हलवले, हवा खेळवली की तो बराचसा जाई. इंग्रजी आरमाराने १८१५ च्या सुमारास लोखंडी टाक्या आणल्या तेव्हा ही तक्रार कमी झाली. इथे एक गंमत सांगायला हवी. इंग्रजीतला 'टँक' हा शब्द मराठी-गुजराती 'टाके' या शब्दावरून गेला, असे एक मत कोशांत नोंदलेले आहे. ते खरे असेल, तर आपले टाके समुद्रमार्गे जगभर फिरून विरारला टँकर होऊन परतले म्हणायचे.

समुद्राचे पाणी उकळून वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते, हे माहीत असूनही शिडाच्या जहाजांवर ते का चालले नाही? इंग्लंडच्या पार्लमेंटने चार्ल्स अर्व्हिंग याला १७७२ मध्ये ऊर्ध्वपातनाच्या उपकरणासाठी पाच हजार पौंड दिले होते. कॅप्टन कुकने आपल्या दुसऱ्या सफरीत ते वापरूनही पाहिले. पण हिशेब असा आहे. एक लिटर पाणी तीस अंशांवरून शंभरावर न्यायला सत्तर किलोकॅलरी आणि त्याची वाफ करायला पाचशे चाळीस, एकूण सहाशे दहा. एक किलो लाकडातून साडेतीन हजार मिळतात खऱ्या, पण साध्या चुलीत त्यातला जेमतेम सहावा हिस्सा भांड्याला पोचतो. म्हणजे एका लिटर पाण्याला एक किलो लाकूड. मग लाकूड न्या की पाणीच न्या! शेवटी १७७३ च्या जानेवारीत दक्षिणेकडच्या थंड समुद्रात कुकने तरंगत्या हिमखंडांचे तुकडे जहाजावर ओढून घेतले आणि वितळवून टनांनी पाणी मिळवले. ऊर्ध्वपातन खरे रुळले ते वाफेची जहाजे आली तेव्हा, कारण बॉयलर तिथे पेटलेलाच असे.

पुढची उडी १९६० च्या आसपासची. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात असा पडदा तयार केला, की समुद्राचे पाणी दाबाने त्यातून ढकलले तर क्षार मागे राहतात. आपल्या स्वयंपाकघरातील 'आरओ'चा हाच पूर्वज. मात्र समुद्राच्या पाण्याला वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाब लागतो, आणि लहान होडीवर तेवढी वीज म्हणजे पुन्हा हिशेब आलाच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची होडी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. ती खाऱ्या पाण्यात जायची, पण तिचे नाव एका गोड्या पाण्याच्या नदीचे, 'म्हादेई'. याच होडीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. त्यांना १५१ दिवस लागले. रोजचे तीन लिटर धरले तर एकट्या माणसाला साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागते, हे मुलांकडून करून घेण्यासारखे गणित आहे.

अशा होड्यांवर राहणाऱ्यांचे नियम फाहियानच्या जहाजापेक्षा फार वेगळे नाहीत. पाणी दोन वेगळ्या टाक्यांत ठेवायचे, म्हणजे एक गळली किंवा नासली तरी दुसरी शिल्लक राहते. नळ पायपंपाचा, कारण पाय थांबला की धार थांबते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. पाऊस आला की ताडपत्री पसरायची, पण पहिले पाणी सोडून द्यायचे, कारण कापडावरचे मीठ त्यात उतरते. दहा चौरस मीटर कापडावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की अडीचशे लिटर होतात. साध्या साबणाला समुद्राच्या पाण्यात फेस येत नाही, खोबरेल तेलाच्या साबणाला बऱ्यापैकी येतो. हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

आम्ही शिबिरात दुसऱ्या दिवशी 'जहाज' केले. चोवीस जणांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मिळून छत्तीस लिटर गोडे पाणी, तोटीच्या एका पिंपात. हात आणि भांडी धुवायला समुद्राचे पाणी, हवे तितके. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असू शकते, म्हणून भातासाठी मात्र लिटरभर पिण्याच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवून 'समुद्र' घरीच केला. कर्राणी म्हणून इतिहासाच्या त्याच बाईंना नेमले. दहा वाजता सगळे उदार होते. एक वाजता तांदूळ कोणत्या पाण्याने धुवायचे यावरून वाद झाला. तीन वाजता चहा अर्धा कप करण्याचा ठराव बाईंनी मांडला आणि तो एका विरुद्ध तेवीस मतांनी फेटाळला गेला. तरीही त्यांनी अर्धाच कप दिला.

पाच वाजता वहीप्रमाणे अडीच लिटर शिल्लक हवे होते. मोजले तर दोनच निघाले. चोरी कोणी केली यावर हशा झाला, थोडी कुजबुजही झाली. बाई मात्र वही मिटायला तयार नव्हत्या. त्या पिंपाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि घड्याळ काढले. तोटीतून तीन सेकंदांना एक थेंब पडत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला साठ मिलिलिटर, आणि आठ तासांचे चारशे ऐंशी. बाईंनी वहीच्या खालच्या ओळीत 'गळती' असे लिहिले, पुढे आकडा टाकला आणि सही केली.